‘फक्त अक्षरें’ म्हणजे काय?

वाशीच्या एपीएमसी मार्केटांत, म्हणजे मुंबई कृषि उत्पन्न बाजार समितीच्या आवारांत, पहाटेच्या वेळीं एक फेरी मारली, तर भारतांतील पुष्कळशा लिपी एकाच ठिकाणीं पाहावयास मिळतात. ब्याडगी मिरचीच्या पोत्यावर कानडी, गुंटूरच्या मिरचीवर तेलगू, इरोडच्या हळदीवर तमिळ, केरळांतील वेलदोड्यावर मल्याळी, डीसाच्या बटाट्यावर गुजराती आणि कोंकणांतल्या हापुसाच्या पेटीवर आपली मराठी, अशीं नांवें शेजारीं शेजारीं पडलेलीं असतात. कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार १९८१ सालीं मुंबईंतून येथें आला. मागाहून मसाल्याचा व धान्याचा आला, आणि १९९६ सालीं फळांचा व भाजीपाल्याचा आला. या पांचहि बाजारांत ज्या गोण्या उतरतात, त्या नांवावरून ओळखल्या जातात. माल कोणाचा, कोणत्या गांवचा, कोणाच्या गाळ्यावर जावयाचा, हें सारें नांवावरून ठरतें. बाजाराचा व्यवहार नांवावर चालतो, एवढें मनांत ठेवून आजची गोष्ट ऐकावी.

माझा एक जुना विद्यार्थी या बाजारांत कांद्याची आडत करतो. त्याच्या गाळ्यावर पूर्वीं लाल कापडाच्या वह्या होत्या. आतां तेथें संगणक आहे. त्याचा मुलगा अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकतो. त्यानें हिशेबाची एक लहानशी आज्ञावली घरींच तयार केली. शेतकऱ्याचें नांव, मालाचें नांव, गोण्यांची संख्या, वजन आणि भाव एवढें भरलें, कीं हमाली, तोलाई व गाडीभाडें वजा होऊन हिशेबाची पट्टी छापून बाहेर येते. नांवाच्या चौकटींत चुकून कोणी वजनाचा आंकडा किंवा दूरध्वनीचा क्रमांक भरूं नये, म्हणून त्यानें तेथें एक पहारेकरी बसविला. नांवाच्या चौकटींत ‘फक्त अक्षरें’ असावींत, असा तो नियम. हेतु चांगला, नियमहि सरळ. मुलानें इंग्रजी नांवें घालून तो पारखला, तेव्हां सर्व कांहीं ठीक चाललें. पुढें वडील म्हणाले, “शेतकऱ्याला वाचतां येईल अशी पट्टी दे,” म्हणून त्यानें सगळें मराठींत केलें.

पहिल्याच दिवशीं जुन्नर तालुक्यांतील एका शेतकऱ्याचा कांदा आला. नांव विठ्ठल. यंत्रानें तांबड्या रंगांत उत्तर दिलें, ‘नांवांत फक्त अक्षरें लिहा.’ दिवाणजींनीं पुन्हां लिहिलें. पुन्हां तेंच उत्तर. बाहेर गाडी खोळंबली होती. शेवटीं दिवाणजी एकेक चिन्ह पुसून पाहूं लागले. वेलांटी गेली, जोडाक्षर फुटलें, आणि मग यंत्र प्रसन्न झालें. पट्टीवर नांव छापून आलें, ‘वठठल’. ती पट्टी हातांत घेऊन तो शेतकरी म्हणाला, “शेट, ह्यो वठठल कोन? माजं नांव आईनं इठ्ठल ठेवलंय.” त्या वेळीं सगळे हंसले, परंतु पट्टीवरील नांव आणि बँकेच्या पुस्तकांतील नांव यांचा मेळ बसेना, आणि त्या गृहस्थाचे पैसे आठ दिवस अडकून पडले. तेव्हां मात्र कोणी हंसलें नाहीं.

मी आयुष्यभर मुलांना बाराखडी गिरवावयास लावलेला मनुष्य. वेलांटी म्हणजे अक्षर नव्हे, असें सांगणारें यंत्र मला पाहावयाचेंच होतें. म्हणून मी त्या गाळ्यावर गेलों, आणि त्या मुलानें एकेक शब्द यंत्रांत घालून मला जें दाखविलें, तें आपणांस सांगतों.

प्रथम हें लक्षांत घ्यावें, कीं संगणकाला अक्षर दिसत नाहीं. त्याला केवळ संख्या कळते. टपालखात्यानें जसा प्रत्येक विभागाला क्रमांक दिला आहे, तसा संगणकवाल्यांनीं प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिला आहे. अमेरिकेंत १९६३ सालीं अशा क्रमांकांचा जो तक्ता ठरला, त्याला ‘आस्की’ म्हणतात. त्यांत सर्व मिळून १२८ जागा होत्या. १९६७ च्या आवृत्तींत इंग्रजीचीं लहान अक्षरेंहि त्यांत आलीं. मोठीं २६ व लहान २६ मिळून अक्षरें ५२. बाकीच्या जागा अंक, विरामचिन्हें आणि यंत्राला द्यावयाच्या सूचना यांनीं व्यापिल्या. ‘हें अक्षर आहे काय?’ हा प्रश्न त्या काळीं फारच सोपा होता. क्रमांक ६५ ते ९० किंवा ९७ ते १२२ यांच्या दरम्यान असला, कीं अक्षर. नसला, कीं नव्हे. इतक्या सोप्या प्रश्नाची ज्यांना संवय लागली, त्यांना पुढें प्रश्न अवघड झाल्याचें ध्यानांत आलें नाहीं.

तो युरोपांतच अवघड झाला. जर्मन म्यूलर साहेबांच्या नांवांत एका स्वरावर दोन टिंबें असतात. फ्रेंच रेने याच्या नांवांत शेवटच्या स्वरावर तिरकी रेघ असते. आयरिश ओ’ब्रायन यांच्या नांवांत मध्येंच एक उलटा स्वल्पविराम लोंबत असतो. या मंडळींचीं नांवें ५२ अक्षरांच्या तक्त्यांत बसत ना. म्हणजे ज्या रोमन लिपीसाठीं हा नियम झाला, त्या लिपीच्याहि सर्व लेंकरांना तो पुरला नाहीं. मग आपली काय कथा?

आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोनें १९९१ सालीं भारतीय लिपींसाठीं ‘इस्की’ नांवाचा तक्ता प्रसिद्ध केला. त्याच सालीं जगांतील सर्व लिपींसाठीं एकच तक्ता असावा या विचारानें ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ति निघाली, आणि तींत देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरून घेतली गेली. आज युनिकोडांत दीड लाखांहून अधिक चिन्हांना क्रमांक आहेत. त्यांतील १२८ जागांचा एक गट देवनागरीचा, आणि त्याच धर्तीवर गुजराती, बंगाली, तमिळ, तेलगू, कानडी, मल्याळी यांचे स्वतंत्र गट आहेत.

युनिकोड नुसता क्रमांक देऊन थांबत नाहीं. प्रत्येक क्रमांकापुढें तो एक शेरा लिहितो: हें अक्षर, हा अंक, हें विरामचिन्ह, हें जोड-चिन्ह. जोड-चिन्ह म्हणजे जें स्वतः एकटें उभें राहत नाहीं, दुसऱ्याच्या अंगावर बसतें. आपल्या ‘क’ला, ‘ळ’ला, ‘अ’ला, ‘ई’ला ‘अक्षर’ हा शेरा मिळाला. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, विसर्ग आणि व्यंजनाचा पाय मोडणारा हलन्त यांना ‘जोड-चिन्ह’ हा शेरा मिळाला. येथेंच आपल्या गोष्टीचें मूळ आहे.

त्या मुलानें आपली आज्ञावली ‘पायथन’ नांवाच्या भाषेंत लिहिली होती. तींत ‘सर्व अक्षरें आहेत काय?’ अशी तयार चाळण मिळते. ती ज्यांच्यापुढें ‘अक्षर’ असा शेरा आहे, तेवढींच पार होऊं देते. आम्ही त्या चाळणींत सगळा बाजार घालून पाहिला. कांदा-बटाट्याच्या बाजारांतील कांदा, बटाटा, लसूण हे तिन्ही वर राहिले. त्या बाजारांतून कांहींच खालीं आलें नाहीं. धान्याच्या बाजारांत गहू, ज्वारी, बाजरी, तांदूळ, तूर, मूग सगळे नापास. मसाल्यांत मिरची, जिरें, धने, लवंग अडले. हळद आणि खसखस तेवढी सुटली. फळांत आंबा, केळें, संत्रें, डाळिंब अडलीं. फणस आणि अननस सुटले. भाजीपाल्यांत वांगें, भेंडी, कोबी अडलीं; पडवळ सुटलें. फणसानें व पडवळानें असें काय पुण्य केलें होतें? इतकेंच, कीं त्यांच्या नांवांत काना नाहीं, मात्रा नाहीं, वेलांटी नाहीं.

घरांतहि हाच न्याय. ‘आई’ उत्तीर्ण होते, कारण ‘आ’ आणि ‘ई’ हे दोन्ही स्वतंत्र स्वर आहेत. ‘बाबा’ मात्र दोन कान्यांमुळें अनुत्तीर्ण होतात. दशरथाच्या चौघां पुत्रांचीं नांवें घातलीं. राम, लक्ष्मण, शत्रुघ्न तिघेहि अडले आणि एकटा भरत पार झाला. कैकेयीचा वर यंत्रानेंहि पाळला म्हणावयाचा! आणखी एक मौज म्हणजे लोप झालेल्या अकाराची खूण असणारा अवग्रह, जो मराठींत क्वचितच लिहिला जातो, त्यास युनिकोडनें ‘अक्षर’ म्हटलें आहे. आणि ज्याच्यावांचून मराठीची एक ओळ लिहितां येत नाहीं, तो काना अक्षर नव्हे.

येथें कोणी रागावून म्हणेल, कीं ही परक्यांनीं आपल्या लिपीची केलेली हेटाळणी आहे. तसें नाहीं. युनिकोडचा शेरा खोटा नाहीं. काना एकटा उभा राहत नाहीं, हें खरेंच आहे. जुन्या छापखान्यांतहि काना, मात्रा यांचे खिळे वेगळ्या खणांत ठेवलेले असत, आणि जुळारी ते शोधून अक्षराशेजारीं किंवा अक्षरावर बसवी. परंतु ‘वेगळ्या खणांत ठेवलें आहे, म्हणून हें लेखनाचा भाग नव्हे,’ असें कोणा जुळाऱ्यानें म्हटलें नाहीं. चूक आहे ती शेरा लिहिणाऱ्याची नव्हे. शेरा वाचून त्याचा रोमन अर्थ करणाऱ्याची आहे. रोमन लिपींत प्रत्येक स्वर स्वतंत्र उभा असतो. राम हें नांव तीन रोमन अक्षरांनीं लिहिलें, तर मधला ‘आ’ हा इतर दोघांच्या बरोबरीचा गडी असतो. आपल्याकडे तोच ‘आ’ शब्दाच्या आरंभीं आला, तर अक्षर. व्यंजनाच्या मागें आला, तर काना. उच्चार तोच, मान मात्र बदलला. रोमन लिपींत ‘अक्षरें किती?’ आणि ‘खुणा किती?’ हे दोन प्रश्न बहुधा एकच असतात. आपल्या लिपींत ते निराळे आहेत.

आपल्या व्याकरणकारांनीं हा भेद फार पूर्वीं मांडलेला आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचें मराठी व्याकरण १८३६ सालीं प्रसिद्ध झालें, तेव्हांपासून शाळेंतला मुलगा वर्ण आणि अक्षर यांतील फरक शिकत आला आहे. वर्ण म्हणजे तोंडांतून निघणारा मूळ ध्वनि. अक्षर म्हणजे स्वरासह एका दमांत उच्चारला जाणारा वर्णसमूह. आतां ‘विठ्ठल’ हेंच नांव घ्या. मुलाला विचारलें, तर तो बोटें मोजून सांगेल: वि, ठ्ठ, ल, अक्षरें तीन. व्याकरणकार म्हणेल: व्, इ, ठ्, ठ्, अ, ल्, अ, वर्ण सात. आणि संगणक म्हणेल: व, वेलांटी, ठ, हलन्त, ठ, ल, क्रमांक सहा. तिघेहि आपापल्या परीनें खरें बोलतात. फक्त एवढेंच, कीं संगणकाचे सहा हे ना मुलाच्या तीनाशीं जुळतात, ना व्याकरणाच्या साताशीं. म्हणून संगणकानें एकेक क्रमांक सुटा घेऊन ‘तूं अक्षर आहेस काय?’ असें विचारणें, हें घराच्या प्रत्येक विटेला ‘तूं घर आहेस काय?’ असें विचारण्यासारखें आहे.

ही अडचण युनिकोडच्या मंडळींच्याहि लक्षांत आली होती. म्हणून त्यांनीं दुसरी, जरा मोठ्या भोंकांची चाळण ठेवली आहे. तींत स्वरांचीं चिन्हें, अनुस्वार व विसर्ग हीं वर्णमालेचा भाग धरलीं आहेत. या चाळणींतून राम सुटतो, बाबा सुटतात, कांदा, बटाटा व लसूण तिघेहि सुटतात. ती वापरून पाहिली, तेव्हां माझ्या विद्यार्थ्याचा चेहरा उजळला. परंतु ‘विठ्ठल’ घातल्याबरोबर पुन्हां तांबडी ओळ उमटली. कारण या दुसऱ्या चाळणींत हलन्ताला जागा नाहीं. हलन्ताला स्वतःचा ध्वनि नाहीं. तो उलट व्यंजनांतला अकार काढून घेतो, म्हणून तो वर्णमालेंत धरला नाहीं. तर्क बिनतोड आहे. पण परिणाम असा, कीं ज्या नांवांत जोडाक्षर आहे, तें प्रत्येक नांव अडतें. ज्वारी अडते, द्राक्षें अडतात, लक्ष्मण अडतो, आणि ज्यांच्या ओवीनें मराठी मोठी झाली त्या ज्ञानेश्वरांचें नांव दोनदां अडतें: एकदां ‘ज्ञा’वर आणि एकदां ‘श्व’वर.

याहून बारीक अशी एक अडचण आहे, आणि ती खास मराठीची आहे. कऱ्हाड, वऱ्हाड, दऱ्या, वाऱ्यावर या शब्दांत जो पापणीसारखा अर्धा र येतो, तो हिंदींत नाहीं. तो संगणकावर दोन रीतींनीं लिहितात. एका रीतींत त्यासाठीं खालीं टिंब असलेल्या ‘ऱ’ची योजना करतात. दुसऱ्या रीतींत साधा र, हलन्त आणि त्यामागून एक अदृश्य जोडणारें चिन्ह घालतात. हें चिन्ह कागदावर दिसत नाहीं, पडद्यावर दिसत नाहीं, तरी यंत्राच्या पोटांत त्याला क्रमांक आहे. डोळ्याला दोन्ही ‘कऱ्हाड’ सारखेच. यंत्राला मात्र तीं दोन निराळीं गांवें. त्यांत दुसऱ्या रीतीनें लिहिलेलें आडनांव ‘फक्त अक्षरें’ या नियमाला ठेंच लागून अडलें, तर लिहिणाऱ्यानें चूक शोधावी तरी कोठें? जें दिसतच नाहीं, तें तो पुसणार कसें? हा प्रकार नवा नाहीं. ‘ॲ’ हें अक्षर आपण नित्य लिहितों. त्याला युनिकोडांत स्वतंत्र क्रमांक २००८ सालीं मिळाला. त्यापूर्वीं तेंहि जोडून तयार करावें लागे, आणि जुन्या लेखनांत तें तसेंच राहिलें आहे.

आपलें दुःख एकट्याचें आहे, असें मात्र समजूं नये. बाजारांतल्या इतर गोण्यांकडे पाहा. डीसाची गुजराती, गुंटूरची तेलगू, ब्याडगीची कानडी, इडुक्कीची मल्याळी, सर्व पहिल्या चाळणींत अडतात, कारण या सर्व लिपी एकाच ब्राह्मी कुळांतल्या आणि स्वर व्यंजनाच्या अंगावर बसविणाऱ्या. तमिळांत जोडाक्षरें जवळजवळ नाहींत. व्यंजनाचा अकार काढावयाचा असला, तर त्याच्या डोक्यावर टिंब देतात व त्यास पुळ्ळी म्हणतात. परंतु ‘तमिळ’ हा शब्दच त्या लिपींत पुळ्ळीनें संपतो, आणि पुळ्ळी म्हणजे यंत्राच्या दृष्टीनें आपला हलन्तच. म्हणून त्या भाषेचें स्वतःचें नांव दुसऱ्या चाळणींतहि अडतें. कन्नडचेंहि तेंच, कारण त्या नांवांत जोडाक्षर आहे.

उर्दूची तऱ्हा वेगळी. तिच्यांत जेर, जबर, पेश हीं ऱ्हस्व स्वरांचीं चिन्हें नित्याच्या लेखनांत गाळतात. म्हणून उर्दू नांव बहुधा सुखरूप पार पडतें. मुलांच्या पुस्तकांत उच्चार स्पष्ट व्हावा म्हणून तीं चिन्हें घातलीं, कीं तेंच नांव अडतें. म्हणजे अपुरें लिहिलें तर उत्तीर्ण, पुरें लिहिलें तर नापास! चिनी लिपींत तर आपल्या अर्थानें वर्णमालाच नाहीं. एकेक चिन्ह म्हणजे एक शब्द किंवा शब्दाचा तुकडा. तरी त्या प्रत्येकास ‘अक्षर’ हा शेरा आहे, म्हणून चिनी नांव विनासायास जातें. सर्वांत बोधप्रद उदाहरण कोरियाचें. तेथेंहि व्यंजन आणि स्वर एकत्र येऊन एक चौकोनी ठसा होतो, अगदीं आपल्या बाराखडीसारखा. पण अशा ११,१७२ ठशांना युनिकोडनें स्वतंत्र क्रमांक दिले आहेत. आपल्या ‘रा’ला, ‘वि’ला, ‘ठ्ठ’ला तसे क्रमांक मिळाले असते, तर विठ्ठल तीन अक्षरांचा ठरून सरळ पार झाला असता. नांव अक्षरांचें आहे कीं नाहीं, हें नांवावर नव्हे, तक्ता कसा आंखला त्यावर ठरलें, हेंच यावरून दिसतें.

कांहीं शहाणे सुचवितात, कीं मग नांवें रोमन लिपींतच लिहावींत, म्हणजे कटकट मिटली. ती मिटत नाहीं. केवळ जागा बदलते. विठ्ठल रोमन लिपींत लिहितांना कोणी एक ‘टी’ घालतो, कोणी दोन. कोणी ‘एच’ एकदां लिहितो, कोणी दोनदां. एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरें, आणि एकाच माणसाचे तीन माणूस होतात. देवनागरींत त्याचें नांव एकच आहे. ज्या लिपींत नांव निःसंदिग्ध आहे ती सोडून, ज्या लिपींत तें संदिग्ध होतें तींत लिहिण्याची सक्ति करणें म्हणजे औषध म्हणून दुसरा रोग घेण्यासारखें आहे.

मग उपाय काय? तो फारसा कठीण नाहीं. सुट्या क्रमांकाला न विचारतां पूर्ण अक्षराला विचारावें. नांवाचा आरंभ अक्षरानें झाला पाहिजे. काना किंवा वेलांटी आरंभीं एकटी आली, तर ती खरोखरच चूक आहे. अक्षरामागून त्याच लिपीचीं जोड-चिन्हें येऊं द्यावींत, हलन्तहि येऊं द्यावा. अदृश्य जोडणारें चिन्ह हलन्ताच्या पाठोपाठ आलें तरच चालवावें, इतरत्र नव्हे. दोन नांवांमधली मोकळी जागा, जोडरेघ, ओ’ब्रायन यांचा स्वल्पविराम आणि आपल्याकडे आद्याक्षरापुढें देतात तें पूर्णविरामाचें टिंब, यांना वाट असावी. एका अक्षरावर दोन काने पडले असतील, किंवा मराठी नांवांत मध्येंच एखादें रोमन अक्षर घुसलें असेल, तर तेथें अडवावें. आणि ज्यासाठीं पहारेकरी बसविला तो अंक तर दारांतच थांबवावा. असा नियम केला, म्हणजे खरी चूक सांपडते आणि खरें नांव सुटतें.

मोजणीचाहि असाच विचार हवा. पुष्कळ अर्जांवर ‘नांव इतक्या अक्षरांत लिहा’ अशी मर्यादा असते. ‘ज्ञानेश्वर’ हें नांव मुलाच्या मोजणीनें चार अक्षरांचें, यंत्राच्या मोजणीनें दहा क्रमांकांचें. चौकट आंखणाऱ्यानें रोमन हिशेबानें मर्यादा घातली, तर मराठी माणसाचें आडनांव शेवटीं छाटलें जातें. एक अक्षर कोठें संपतें व दुसरें कोठें सुरू होतें, याचे नियम युनिकोडनें केले आहेत; त्यांत देवनागरी व कांहीं इतर भारतीय लिपींतील जोडाक्षर मध्येंच तोडूं नये, हा नियम २०२३ च्या आवृत्तींत आला. उशीरा कां होईना, ‘ठ्ठ’ हें एकच अक्षर आहे ही आपल्या बिगारींतल्या मुलाची समजूत यंत्राच्या कायद्यांत लिहिली गेली.

त्या मुलानें दोन संध्याकाळींत आपली चाळण बदलली. मीं त्याला एकच सूचना केली. नियम लिहिण्यापूर्वीं त्यानें वडिलांच्या जुन्या वह्या काढाव्या आणि त्यांतील शेतकऱ्यांचीं नांवें आधीं यंत्रांत घालून पाहावींत. नियम अगोदर आणि नांव मागाहून, हा क्रमच त्याच्या चुकीचें मूळ होता. वहींत लिहिणाऱ्या दिवाणजींना कोणी ‘अक्षर कशास म्हणावें’ हें विचारलें नव्हतें. माणूस जें नांव सांगे, तें ते लिहून घेत. यंत्रानें त्यांचें काम हातीं घेतलें आहे, तर त्यांची ही रीतहि घेतली पाहिजे. नव्या पट्टीवर ‘विठ्ठल’ हें नांव वेलांटीसह व जोडाक्षरासह छापलें गेलें, आणि अडलेली रक्कम त्या शेतकऱ्याच्या खात्यांत जमा झाली.

श्रोतेहो, आपल्यांतील कित्येकांच्या घरीं असा एखादा हुशार मुलगा किंवा मुलगी आज्ञावली लिहीत बसलेली असेल. उद्यां त्यांच्याच आज्ञावलीवर कोणाचा दाखला, कोणाचें निवृत्तिवेतन, कोणाच्या मालाचे पैसे अवलंबून राहतील. त्यांना माझा निरोप सांगा, कीं नांवाची चौकट तयार झाली, म्हणजे तींत प्रथम इंग्रजी नांव न घालतां आपल्या आजीचें नांव माहेरच्या आडनांवासह घालून पाहावें. तें जसेंच्या तसें आंत गेलें, तर ती चौकट बहुतेक जगाला पुरेल.